प्रमाण आणि साक्ष : काशी, ख्रिस्ती श्रद्धा आणि रोगमुक्ती

१

इ. स. १८३९ मध्ये कलकत्त्याहून 'मतपरीक्षा' नावाचे एक लहानसे संस्कृत पद्यमय पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा कर्ता जॉन म्यूर हा कंपनी सरकारच्या मुलकी सेवेतील स्कॉटिश अधिकारी होता. संस्कृत विद्येचा थोर अभ्यासक म्हणून त्याची कीर्ती पुढे झाली. १८४४ मध्ये काशीच्या सरकारी पाठशाळेचे प्राचार्यपदही त्याच्याकडे आले. 'मतपरीक्षे'ची मांडणी गुरुशिष्यसंवादाची आहे. जगातील अनेक मतांतून खरे मत कसे ओळखावे, हा त्या संवादाचा विषय. गुरू त्यासाठी तीन लक्षणे सांगतो : मतसंस्थापकाच्या अंगी सृष्टिक्रमापलीकडची कृत्ये करण्याचे सामर्थ्य असणे, त्याच्या शास्त्राचे पावित्र्य, आणि ते शास्त्र सर्व मानवजातीसाठी असणे. ही तिन्ही लक्षणे ख्रिस्ती मताच्या ठायीच आढळतात, असा ग्रंथाचा निष्कर्ष आहे.

ह्यांतील पहिले लक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शुभवर्तमानांत ख्रिस्ताची जी अद्भुत कृत्ये वर्णिली आहेत, त्यांतील बहुसंख्य रोगनिवारणाची आहेत. अंधाला दृष्टी येते, कुष्ठी शुद्ध होतो, पक्षाघाती आपली बाज उचलून चालू लागतो, ज्वराने पडलेली वृद्धा उठून पाहुण्यांची सेवा करू लागते. रोगमुक्तीच्या ह्या कथा म्यूरच्या हाती एका अनुमानाचा हेतू होऊन आल्या. त्यामागे विल्यम पेली ह्याच्या १७९४ मधील प्रसिद्ध ग्रंथाने रूढ केलेली विचारपद्धती होती. चमत्कार विश्वसनीय साक्षीदारांनी पाहिला, म्हणून तो खरा. चमत्कार खरा, म्हणून तो करणारा ईश्वरप्रेषित. आणि तो ईश्वरप्रेषित, म्हणून त्याचे वचन प्रमाण, अशी ती साखळी होती. ईश्वरी रोगमुक्तीचा ख्रिस्ती विचार काशीच्या शास्त्रचर्चेत शिरला तो ह्या वेषात, म्हणजे वादपटूच्या युक्तिवादाचा एक भाग म्हणून. रोग्याच्या व्यथेचा त्या वेळी त्याच्याशी संबंध नव्हता.

ह्या युक्तिवादाचे पुढे काय झाले, आणि वादातून हद्दपार झालेली रोगमुक्ती दीडशे वर्षांनी त्याच नगरीच्या परिसरात कोणत्या रूपाने परतली, ह्याचा इतिहास मराठी वाचकास जवळचा वाटावा असा आहे. त्यातील मुख्य व्यक्ती मराठी आहेत. शिवाय ह्या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न धर्मशास्त्राइतकाच साहित्याचाही आहे. 'मी बरा झालो' असे कोणी सांगतो तेव्हा ते विधान कोणत्या प्रकारचे मानावे, हा तो प्रश्न होय.

२

'मतपरीक्षे'ला पंडितांकडून तीन संस्कृत उत्तरे आली. पहिले १८३९ मध्येच सोमनाथ ह्या नावाने लिहिले गेले. हे सोमनाथ म्हणजे सीहोर येथील मराठी ज्योतिषी सुबाजी बापू असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. पुराणांतील भूगोलखगोलापेक्षा कोपर्निकसचे मत ग्राह्य, असे निर्भयपणे प्रतिपादणारा हा गृहस्थ जुन्या मताचा हट्टी कैवारी नव्हता. दुसरे उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांनी १८४० मध्ये दिले. तिसरे, आणि सर्वांत गंभीर, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हे काशीतील नीलकंठ गोरे ह्यांनी १८४४-४५ च्या सुमारास रचले. त्या वेळी नीलकंठशास्त्र्यांचे वय अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. सदाशिव लक्ष्मीधर कात्रे ह्यांनी हा ग्रंथ संपादून १९५१ मध्ये उज्जैन येथे प्रसिद्ध केला, आणि १९८१ मध्ये रिचर्ड फॉक्स यंग ह्यांनी ह्या साऱ्या वादाचा साकल्याने अभ्यास मांडला. त्यामुळे हा विस्मृत वाद आता पुरेसा उजेडात आला आहे.

चमत्काराच्या हेतूने काशीच्या पंडिताचे मन हलले नाही, ह्याचे कारण त्याच्या शास्त्रातच होते. अद्भुतकथांची त्याला वाण नव्हती. अद्भुत कृत्य हेच सत्यतेचे लक्षण मानले, तर पुराणे त्या कसोटीस अधिकच उतरतील, हा प्रतिप्रश्न अटळ होता. परंतु त्याहूनही खोल कारण मीमांसेत आहे. मीमांसक वेदांतील आख्यानांकडे 'अर्थवाद' म्हणून पाहतो. कथा विधीची स्तुती करते आणि मनुष्याला कर्माकडे प्रवृत्त करते. घडलेल्या गोष्टीचे वृत्त म्हणून तिचे स्वतंत्र प्रामाण्य तो मानत नाही. ज्याने आपल्या घरच्या अद्भुतावरही प्रामाण्याचा भार टाकला नाही, त्याने परक्याच्या अद्भुतावर तो टाकावा, ही अपेक्षाच चुकीची होती. लंडनच्या वाचकास पटणारा हेतू काशीत हेत्वाभास ठरला, आणि त्यात काशीच्या पंडिताची बुद्धिमांद्यता शोधण्याचे कारण नाही.

नीलकंठशास्त्र्यांची भूमिका ह्याच परंपरेतली, पण अधिक धारदार होती. तर्काला अंत नाही. म्हणून धर्माच्या बाबतीत श्रद्धा प्रथम आणि तर्क तिच्या मागून, असे त्यांचे सूत्र होते. त्याबरोबरच त्यांनी प्रतिपक्षासमोर दुःखाचा प्रश्न ठेवला. पूर्वजन्म मानला नाही, तर जन्मतःच ज्याच्या वाट्याला दुःखभोग येतो त्याच्या दुःखाचे कारण काय सांगणार? कर्मविपाक नाकारणाऱ्याच्या ईश्वरावर विषमतेचा आणि निर्दयतेचा दोष येतो. वादाच्या अंगाने पाहता हा आघात मर्मावरचा आहे. रोग बरा करण्याचे सामर्थ्य दाखवून ईश्वरी सत्तेची खात्री पटवावी, असे म्यूर म्हणतो. रोग मुळात आला कोठून, ह्याचे उत्तर आधी द्यावे, असे गोरे म्हणतात.

विलक्षण गोष्ट अशी की, हाच प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाच्या कथेत ख्रिस्ताच्या शिष्यांच्या तोंडी आला आहे. हा मनुष्य आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, असे ते विचारतात. ख्रिस्त त्या कार्यकारणात शिरत नाही. तो जमिनीवरच्या मातीचा लेप करून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. पुढे शास्त्री लोक त्या बऱ्या झालेल्या माणसाची उलटतपासणी करतात, तेव्हा तोही सिद्धान्त मांडत नाही. पूर्वी दिसत नव्हते आणि आता दिसते, एवढेच तो धरून बसतो. 'मतपरीक्षे'च्या युक्तिवादात ह्या माणसाला जागा नव्हती. त्याचे बोलणे प्रमाणाच्या भाषेतले नव्हते. ते साक्षीच्या भाषेतले होते.

३

ह्या वादात दोन्ही पक्ष ज्या नगरीत उभे होते, ती रोगमुक्तीच्या प्रार्थनेस अपरिचित नव्हती. काशीची कीर्ती मरणाने मुक्ती देणारे क्षेत्र म्हणून आहे. परंतु तेथे येणारा प्रत्येक जण मरावयास येत नाही. दशाश्वमेध घाटावरील शीतलेपुढे देवीच्या साथीच्या काळात किती मातांनी पदर पसरला असेल, ह्याची गणती नाही. वृद्धकाळेश्वराच्या आवारातील विहिरीचे पाणी रोगहारक मानले जाई. भाद्रपदातील षष्ठीला लोलार्ककुंडावर स्नानासाठी गर्दी होते, ती संततीच्या आणि त्वचारोगनिवारणाच्या आशेने.

ह्या आशेला काव्यात रूप देणाराही काशीचाच थोर कवी होता. तुलसीदासांचे 'हनुमानबाहुक' हे बाहुपीडेने व्याकूळ झालेल्या भक्ताचे आर्त स्तवन म्हणून प्रसिद्ध आहे. 'कवितावली'त त्यांनी काशीवर कोसळलेल्या महामारीचे दुःखही गायिले आहे. 'बाहुक'मधील तुलसीदास दार्शनिक नाहीत. ते आराध्याशी भांडतात, त्याला त्याच्या पराक्रमांची आठवण करून देतात, आपला अपराध काय ते विचारतात. वेदना हाच त्या काव्याचा अधिकार आहे. आयुर्वेदालाही ही वाट परकी नव्हती. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मंत्र, उपवास, प्रायश्चित्त, प्रणिपात हे पहिल्या प्रकारात येतात आणि औषध व आहाराची योजना दुसऱ्यात. दोहोंना शास्त्रात जागा देऊन त्यांची सरमिसळ त्याने होऊ दिली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठी परंपरेचाही येथे विचार झाला पाहिजे, कारण काशीचे पंडितघराणे आणि महाराष्ट्र ह्यांचे नाते शतकांचे आहे. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले, आणि पेशवाईच्या काळात दुर्गाघाट व ब्रह्माघाट ह्यांच्या आसपास मराठी वस्ती स्थिरावली. महिपतींनी १७६२ मध्ये सिद्ध केलेला 'भक्तिविजय' संतांच्या अद्भुत चरित्रप्रसंगांनी भरलेला आहे. तरीही ह्याच परंपरेने सिद्धींच्या प्रदर्शनास भक्तीहून हीन लेखले. चांगदेवाचे वाघावर बसून येणे लोकांना आवडते. पण ज्ञानदेवांपुढे त्याचा अहंकार गळून पडणे, हा त्या कथेचा गाभा आहे. अद्भुत सांगावे, पण त्यावर विसंबू नये, हा संस्कार घेऊनच मराठी पंडित म्यूरचे पुस्तक वाचीत होता.

४

नीलकंठ गोरे ह्यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळच्या काशीपुरा येथे एका चित्पावन घराण्यात झाला, आणि त्यांचे शास्त्राध्ययन काशीत झाले. शैव घराण्यातील हा तरुण स्वतःच्या विचाराने वैष्णव झाला होता, ह्यावरून त्याच्या मनाची घडण कळते. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ ह्यांना वादात निरुत्तर करावे, ह्या हेतूने तो त्यांच्याकडे जाऊ लागला. वाद लांबला, वादासाठी हाती घेतलेले शुभवर्तमान तो मनासाठी वाचू लागला. डोंगरावरील प्रवचनाने तो विशेष हलला, असे चरित्रकार सांगतात. दीर्घ झगड्यानंतर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्याने बाप्तिस्मा घेतला आणि नहेम्या हे नाव धारण केले.

येथे थांबून विचार करावा अशी गोष्ट आहे. चमत्काराचा हेतू ज्याने नाकारला, तोच त्या धर्मात गेला. आणि गेला तो चमत्काराच्या वाटेने गेला नाही. कोणी रोगी बरा झालेला पाहून त्याचे मन वळले नाही. एका नैतिक उपदेशाच्या उंचीने त्याला प्रथम थांबविले, आणि पुढचा सारा मार्ग त्याने तर्काने, शंकेने आणि पुन्हा तर्काने काटला. १८६० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे हिंदी 'षड्दर्शनदर्पण' हे त्याच बुद्धीचे अपत्य. त्याचे इंग्रजी भाषांतर फिट्झएडवर्ड हॉल ह्यांनी १८६२ मध्ये केले. शास्त्रार्थाची जुनी शिस्त आणि नवा विश्वास ह्यांचा असा संयोग एकोणिसाव्या शतकातील हिंदी गद्यात क्वचितच आढळेल. मात्र आधीच्या ग्रंथातील 'श्रद्धा प्रथम' हे सूत्र आता उलटे झाले होते. षड्दर्शनांची चिकित्सा करताना ते तर्कालाच न्यायासनावर बसवितात.

धर्मांतरानंतर त्यांच्या वाट्याला आलेले आयुष्य रोगमुक्तीच्या कथांनी उजळलेले नाही. पत्नी लक्ष्मीबाई १८५३ च्या सप्टेंबरात एका कन्येला जन्म देऊन थोड्याच काळात वारली. लहानगी एलन लक्ष्मी परक्या कुटुंबात वाढली. इंग्रजी ख्रिस्ती गीतांच्या संग्रहांत तिचे नाव पुढे राहिले, आणि १८८० मध्ये भारतात परतल्यावर तिने अमृतसर व अलाहाबाद येथे सेवाकार्य केले. गोरे स्वतः १८५४ मध्ये महाराजा दलीपसिंग ह्यांच्याबरोबर पंडित म्हणून इंग्लंडास गेले, १८७० मध्ये धर्मगुरू झाले आणि १८९५ मध्ये निवर्तले. शंकांनी त्यांना अखेरपर्यंत सोडले नाही, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट दिसते. मृत्यू टळला नाही, शंका मिटली नाही, तरीही विश्वास सुटला नाही, अशी त्यांच्या श्रद्धेची जात होती. म्यूरच्या तीन लक्षणांत अशा श्रद्धेला नाव नव्हते.

५

गोऱ्यांच्या पिढीने ज्या भाषेत हा विचार केला, त्या भाषेतील शब्दांची निवडही बोलकी आहे. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा आरंभ अद्भुताने भरलेला होता. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताची रोगनिवारणे ओवीच्या लयीत सांगितली आहेत. आंतोनिउ द साल्दान्य ह्याने संत आंतोनीचे चरित्र १६५५ मध्ये लिहिले, तेव्हाही अद्भुत हाच त्याचा आधार होता. पुराणकथनाच्या ह्या वातावरणात चमत्काराला प्रमाण म्हणून उभे राहण्याची गरज नव्हती. श्रोत्याला कथा ऐकावयाची असते, आणि ऐकता ऐकता तो नमस्कार करतो.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी ओवी सोडली आणि गद्य धरले. विल्यम केरीच्या प्रेरणेने श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आले, १८११ मध्ये नवा करार आला. त्यानंतर मुंबईत अमेरिकन मिशनने नवी भाषांतरे केली. गद्यात येताच शब्दाची जबाबदारी वाढते. ग्रीक मूळात 'सोझो' हे एकच क्रियापद संकटातून वाचविणे आणि रोगातून बरे करणे ह्या दोन्ही अर्थांनी येते. रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीला आणि पापी म्हणून हिणविलेल्या स्त्रीला ख्रिस्त एकाच वाक्याने निरोप देतो. मराठी भाषांतरकाराला मात्र पहिल्या ठिकाणी 'बरे करणे' आणि दुसऱ्या ठिकाणी 'तारणे' असे दोन शब्द वापरावे लागले. ही भाषांतरकाराची चूक म्हणता येत नाही. मराठीत देह बरा होतो आणि जीव तरतो. दोहोंना मिळून एक क्रियापद नाही. परंतु ह्या अटळ निवडीमुळे मूळात जोडलेली दोन क्षेत्रे मराठी वाचकाच्या मनात वेगळी पडली. एक वैद्याचे झाले, दुसरे धर्मोपदेशकाचे.

तीच गोष्ट 'विश्वास' ह्या शब्दाची. 'श्रद्धा' हा शब्द शास्त्रवचनाशी, विधीशी आणि परंपरेशी बांधलेला होता. नीलकंठशास्त्र्यांनी तो त्याच अर्थाने वापरला होता. ख्रिस्ती मराठीने 'विश्वास' पसंत केला. विश्वास माणसावर ठेवावयाचा असतो. त्यात भरवसा आहे, फसवणुकीची भीतीही आहे. श्रद्धेचा विषय शास्त्र असू शकते, विश्वासाला कोणी तरी समोर लागतो. रोगमुक्तीच्या कथेला हा दुसरा शब्द अधिक मानवतो, कारण तेथे रोगी सिद्धान्तापुढे हात जोडत नाही. तो कोणाच्या तरी वस्त्राचा काठ धरतो.

६

गोऱ्यांच्या चरित्राचा धागा येथे पंडिता रमाबाईंकडे जातो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्यामागे गोऱ्यांच्या लेखनाचा आणि पत्रव्यवहाराचा मोठा भाग होता. एका मराठी शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्रीकन्येशी केलेला हा विचारविनिमय होता, आणि तोही तर्काच्या मार्गानेच झाला.

मात्र रमाबाईंचा अनुभव ग्रंथांपुरता नव्हता. दुष्काळात अन्नान्न होऊन आईबाप गेले. त्या काळात सारे कुटुंब व्रते, दाने, तीर्थे ह्यांवर भिस्त ठेवून कसे झिजले, हे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. पती बिपिनबिहारी १८८२ मध्ये पटकीने वारले. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे, हे ठणकावून सांगितले. वैद्यक शिकावे म्हणूनच त्या इंग्लंडास गेल्या, पण वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. पुढे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थनेची जी प्रचंड लाट उसळली, तिच्या वृत्तान्तांत प्रार्थनेने रोग बरे झाल्याच्या हकीकती येतात. रमाबाईंचे बहिरेपण मात्र गेले नाही. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये, बायबलचे संपूर्ण भाषांतर हातावेगळे करून, त्या स्वतः गेल्या.

हे सारे एकत्र ठेवले की चित्र गुंतागुंतीचे दिसते आणि तसेच ते राहू द्यावे. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि दवाखान्याचीही मागणी केली. इतरांच्या रोगमुक्तीबद्दल त्यांनी आभार मानले आणि स्वतःच्या बहिरेपणावर तक्रार केली नाही. आपल्या निवेदनाला त्यांनी साक्षीचे रूप दिले, हा साहित्यप्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय होता. गोऱ्यांचे ग्रंथ प्रतिपक्षाला उद्देशून आहेत. रमाबाईंचे निवेदन ऐकणाऱ्याला उद्देशून आहे. शास्त्रार्थाच्या गद्याकडून आत्मनिवेदनाच्या गद्याकडे झालेली ही वाटचाल ख्रिस्ती मराठी वाङ्मयाची मोठी कमाई होय.

७

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा प्रश्न पुन्हा काशीच्या परिसरात उभा राहिला, आणि ह्या वेळी त्याच्याभोवती पंडित नव्हते. गास्पर पिंटो ह्यांनी १९४१ मध्ये काशीत स्थापन केलेल्या इंडियन मिशनरी सोसायटी ह्या कॅथलिक संघाचा मातृधाम आश्रम शहराबाहेर हरहुआजवळ आहे. १९९० नंतर तेथील सत्संगांना आसपासच्या खेड्यांतील माणसे हजारोंनी येऊ लागली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांतही अनुसूचित व मागास जातींतील. त्या स्वतःला ख्रिस्तभक्त म्हणवितात. त्यांतील बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. जातगोत, सोयरीक, गाव काहीही सोडलेले नाही. येशूला त्यांनी इष्टदेव मानले आहे. जेरोम सिल्व्हेस्टर ह्यांनी २०१३ मध्ये आणि केरी सान किरिको ह्यांनी २०२३ मध्ये ह्या समाजावर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केले.

ह्या समाजाच्या भक्तीचा केंद्रबिंदू 'चंगाई' हा शब्द आहे. आजार, वांझपणा, नवऱ्याचे दारूचे व्यसन, भूतबाधेची भीती, कर्ज, घरातील कलह ही सारी दुःखे त्या एका शब्दाच्या कक्षेत येतात. सत्संगात भजने होतात, प्रवचन होते, मस्तकावर हात ठेवून प्रार्थना होते, आणि मग माणसे पुढे येऊन आपल्यावर काय गुदरले आणि काय पालटले ते सांगतात. सांगण्याची भाषा हिंदी, तिला भोजपुरीची डूब. दशाश्वमेधच्या शीतलेपुढे पदर पसरणाऱ्या स्त्रीचीच ही नात आहे, हे ओळखण्यास फारसे श्रम पडत नाहीत. दैवव्यपाश्रय मार्गाची ती जुनी वाटसरू आहे. तिने नवे नाव उच्चारले आहे.

'चंगाई' ह्या शब्दाचे कुळ पाहिले तर मराठी वाचकाला तो परका वाटू नये. हिंदीतील 'चंगा' आणि मराठीतील 'चांग', 'चांगला' हे एकाच प्राकृत 'चंग' शब्दाचे वंशज आहेत. मराठीने जो शब्द गुणासाठी राखला, तो हिंदीने आरोग्यासाठीही चालविला. उलट मराठीचा 'बरा' हा शब्द चांगलेपणा आणि रोगमुक्ती दोन्ही सांगतो. 'बरे आहे ना?' ह्या रोजच्या प्रश्नात प्रकृती आणि परिस्थिती ह्यांची वाटणी झालेली नसते. ग्रीक 'सोझो'ने जे एकत्र धरले होते आणि भाषांतराने जे दोहोंत विभागले, ते खेड्यातील स्त्रीने आपल्या एका शब्दात पुन्हा एकत्र आणले. त्यासाठी तिला ग्रीक शिकावे लागले नाही.

८

ह्या दीर्घ कथेतून काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट अशी की, रोगमुक्तीला प्रमाण करण्याचा प्रयत्न काशीत फसला, आणि तो फसणे योग्यच होते. कोणी एक बरा झाला एवढ्यावरून कोणत्या धर्माचे सत्यत्व सिद्ध होत नाही. तसे मानले तर दुसरा कोणी बरा न होता मेला, तेव्हा त्या धर्माचे असत्यत्व सिद्ध झाले असे मानावे लागेल. लक्ष्मीबाई गोरे, बिपिनबिहारी, मनोरमा ह्यांचे मृत्यू मग कोणत्या बाजूच्या खात्यावर मांडावयाचे? चमत्काराचा प्रमाणवादी प्रचारक आणि त्याचा उपहास करणारा ह्या दोघांच्या हिशेबाची वही एकच असते. जमेची आणि खर्चाची बाजू तेवढी ते अदलाबदल करतात. वैद्यकीय सत्य हे वैद्यकाच्या साधनांनीच तपासले पाहिजे. प्रार्थनेच्या भरवशावर ज्याचे औषध थांबविले गेले, त्या रोग्याच्या बाबतीत ही शिस्त केवळ विद्वत्तेची राहत नाही. ती प्राणाशी संबंधित होते. चरकाने दोन चिकित्सा वेगळ्या सांगितल्या, त्या एकीने दुसरीला हुसकावून लावण्यासाठी सांगितल्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट अशी की, प्रमाण म्हणून नाकारलेली गोष्ट साक्ष म्हणून ऐकता येते, आणि ऐकली पाहिजे. साक्ष देणारी स्त्री सार्वत्रिक नियम सांगत नाही. आपल्यावर काय गुदरले आणि आपण कोणाच्या ऋणात आहोत, हे ती सांगते. अनेकदा पंचक्रोशीने आयुष्यात प्रथमच तिचे बोलणे निमूटपणे ऐकून घेतलेले असते. दुखणे बरे झाले की नाही हे वैद्य सांगेल; पण ज्या स्त्रीच्या दुखण्याची घरात कोणी वास्तपुस्त केली नाही, ती हजार माणसांसमोर उभी राहून त्याचे वर्णन करते, ह्या घटनेचा अर्थ लावण्याचे काम इतिहासकाराचे आणि साहित्यसमीक्षकाचे आहे. तुलसीदासांचे 'बाहुक' वाचताना वेदना खरीच शमली का, असे कोणी विचारीत नाही. तोच न्याय हरहुआच्या अनामिक निवेदनांना लावण्यास संकोच का वाटावा?

ह्या भेदाला आता ग्रंथाबाहेरही महत्त्व आले आहे. उत्तर प्रदेशात २०२० मध्ये वटहुकूम निघाला आणि २०२१ मध्ये बेकायदा धर्मांतराविरुद्धचा कायदा झाला. २०२४ मध्ये त्यातील शिक्षा अधिक कडक करण्यात आल्या. त्यातील प्रलोभनाच्या व्याख्येत चांगल्या राहणीमानाबरोबर दैवी अवकृपेचाही उल्लेख आहे. दुखणाइतासाठी केलेली प्रार्थना ही सांत्वना की आमिष, हा प्रश्न त्यामुळे पोलीसठाण्याच्या आणि न्यायालयाच्या कक्षेत येऊ शकतो. दुर्बळ माणसाच्या आजाराचा कोणी व्यापार करू नये, ही चिंता खोटी नाही. दुर्बळ माणसाने आपल्या बरे वाटण्याचे श्रेय कोणाला द्यावे हे इतरांनी ठरवू नये, हा आग्रहही तितकाच खरा आहे. साक्ष आणि प्रमाण ह्यांतील फरक ज्याला कळत नाही, त्याला ह्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे दिसणार नाही. प्रचारक साक्षीचे प्रमाण करतो. संशयी शासन तिचा पुरावा करते. दोहोंच्या हाती ती बोलणाऱ्याची राहत नाही.

एकोणीस-वीस वर्षांच्या नीलकंठशास्त्र्यांनी विचारलेला प्रश्न, जन्मतःच दुःख का, अद्याप अनुत्तरित आहे. कर्मविपाकाचे उत्तर त्यांनी पुढे सोडले. नव्या धर्माचे उत्तर त्यांना कधी संपूर्ण शांत करू शकले नाही. मातृधामच्या सत्संगाला येणारी स्त्री हा प्रश्न विचारीत नाही, कारण तो विचारण्याइतकी सवड तिला कधी मिळालेली नाही. त्या दोघांच्या मध्ये जॉन म्यूरचे जुने पुस्तक पडलेले आहे. पंडिताने ते खोडून काढले आणि त्या स्त्रीने ते कधी पाहिलेही नाही. म्यूरने ज्या माणसाला आपल्या युक्तिवादातून वगळले, त्या जन्मांधाचे बोलणे मात्र तिच्या तोंडी ऐकू येते. ते ऐकण्याची रीत वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी विसरू नये.